दाबाचा दांडा कोणाच्या हाती? वजनदार जाकिटे, ब्लँकेटे आणि विशेष गरजा असलेली मुले : एक चिकित्सा

बीजसंज्ञा : स्वमग्नता, विशेष गरजा असलेली मुले, संवेदन-एकात्मीकरण, खोल दाब, व्यवसायोपचार, आत्मकथन

प्रस्तावना

विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी वापरल्या जाणाऱ्या साधनांत वजनदार जाकीट आणि वजनदार ब्लँकेट ही दोन साधने वरकरणी सर्वांत साधी वाटतात. जाकिटाच्या खिशांत किंवा ब्लँकेटच्या शिवलेल्या चौकोनी कप्प्यांत काचेचे बारीक मणी, प्लॅस्टिकच्या गोळ्या अथवा धातूच्या साखळ्या भरलेल्या असतात. मुलाने ते अंगावर घ्यावे, त्या भाराने त्याची अस्वस्थता शमावी, वर्गात त्याने स्थिर बसावे, रात्री त्याला झोप लागावी, अशी अपेक्षा असते. यात औषध नाही, सुई नाही, वीज नाही. बहुधा म्हणूनच या साधनांच्या प्रसाराच्या काळात त्यांची व्हावी तितकी चिकित्सा झाली नाही.

सदर साधनांविषयीची चर्चा प्रायः 'उपयोग होतो की होत नाही' या एकाच प्रश्नाभोवती फिरते. तो प्रश्न महत्त्वाचा आहेच आणि त्याचे उत्तर बऱ्याच अंशी उपलब्धही आहे. परंतु हा भार मुलाच्या अंगावर कोण ठेवते, कोणत्या हेतूने ठेवते आणि तो काढण्याचा अधिकार कोणाकडे असतो, हा त्याच्या आधीचा प्रश्न होय. ज्या आत्मकथनाने या साधनांमागील कल्पनेला लोकमान्यता दिली त्यात या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट होते. साधन बाजारात आणि वर्गात पोहोचेपर्यंत ते हरवले, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

यंत्र आणि त्याचा दांडा

या कल्पनेचे दोन उगम सांगता येतात. पहिला शास्त्रीय स्वरूपाचा. कॅलिफोर्नियातील व्यवसायोपचारतज्ज्ञ व मानसशास्त्रज्ञ ए. जीन एअर्स यांनी 1972 साली संवेदन-एकात्मीकरण आणि अध्ययन-अक्षमता यांविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. स्पर्श, तोल आणि स्नायू-सांध्यांतून मिळणारे स्थितिभान यांची मेंदूत नीट जुळणी झाली नाही तर मुलाच्या वर्तनात व अध्ययनात अडथळे येतात, अशी त्यांची मांडणी होती. तिच्यावर पुढे बरीच टीका झाली. तथापि एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. एअर्स यांच्या उपचारात मूल झोके, उतरते फळे आणि दोरखंड यांच्याशी स्वतः खेळते, क्रियेची दिशा बरीचशी मुलाच्या ओढीने ठरते आणि उपचारतज्ज्ञ तिला आकार देतो. मुलाच्या अंगावर काही चढवून त्याला बाकावर बसवणे हे या उपचाराचे चित्र नव्हते.

दुसरा उगम आत्मकथनात्मक आहे आणि प्रभावाच्या दृष्टीने तोच अधिक बलवान ठरला. टेम्पल ग्रँडिन (जन्म 1947) या अमेरिकी पशुविज्ञान-संशोधक स्वतः स्वमग्न आहेत. 1986 मधील 'इमर्जन्स' आणि 1995 मधील 'थिंकिंग इन पिक्चर्स' या पुस्तकांत त्यांनी आपल्या यंत्राची हकिकत सांगितली आहे. कोणी मिठी मारली तर ती हवीशी वाटे, पण स्पर्शाची लाट अंगावर कोसळल्यासारखे होऊन त्या दूर पळत. ॲरिझोनातील मावशीच्या रँचवर त्यांनी गुरांना लस टोचताना दोन बाजूंनी आवळून धरणारा पिंजरा पाहिला. त्यात शिरताच काही गुरे शांत होतात असे त्यांच्या लक्षात आले, तेव्हा त्या स्वतःच त्यात शिरल्या. पुढे वयाच्या अठराव्या वर्षी त्यांनी माणसासाठी तसे यंत्र तयार केले. 1992 च्या शोधनिबंधात त्यांनी त्याची रचना तपशिलाने दिली आहे. इंग्रजी व्ही अक्षरासारख्या मांडणीत दोन गादी लावलेल्या फळ्या, त्यांना आवळणारा हवेच्या दाबाचा नळकांडा आणि आत पालथ्या झालेल्या व्यक्तीच्या हाताशी असलेला एक दांडा.

या वर्णनातील फळ्या, गादी आणि नळकांडा पुढच्या सर्व चर्चेत आले. दांडा मात्र मागे पडला. वास्तविक ग्रँडिन यांच्या अनुभवाचे मर्म त्या दांड्यातच आहे. दुसऱ्याची मिठी असह्य होती, कारण ती केव्हा सुरू होईल, किती घट्ट होईल आणि केव्हा सुटेल हे मिठी मारणारा ठरवीत असे. यंत्राचा दाब सह्य आणि पुढे सुखद झाला, कारण तो कणाकणाने वाढवता येई आणि क्षणात सोडता येई. शाळेतील मानसशास्त्रज्ञाला हे यंत्र विकृत वाटले व ते काढून घ्यावे असे त्याचे मत होते. विज्ञानशिक्षक कारलॉक यांनी मात्र, हे यंत्र शांत का करते ते शोधायचे तर विज्ञान शीक, असे त्या मुलीला सुचवले. शिक्षकी पेशातील वाचकाने या प्रसंगाकडे विशेष लक्ष द्यावे. एका प्रौढाने साधन हिरावून घेण्याचा विचार केला, दुसऱ्याने ते तिच्याकडेच ठेवून प्रश्न तिच्या हाती दिला. ते साधन वेळापत्रकानुसार तिच्यावर चालवावे असे दोघांनाही सुचले नव्हते.

ऑलिव्हर सॅक्स यांनी ग्रँडिन यांच्यावर लिहिलेला प्रदीर्घ लेख 1993 साली 'न्यू यॉर्कर'मध्ये आला आणि 1995 मध्ये तो त्यांच्या संग्रहाचा शीर्षकलेख झाला. सॅक्स यांनी ते यंत्र स्वतः वापरून पाहिले. त्यांना पूर्वी पाण्यात खोल बुड्या मारताना जाणवणाऱ्या दाबाची आठवण झाली. लेखाच्या आणि पुढे 2010 मधील 'टेम्पल ग्रँडिन' या चित्रपटाच्या द्वारे हे यंत्र सर्वश्रुत झाले. त्याच वर्षी एका मुलाखतीत ग्रँडिन यांनी सांगितले की, यंत्र दोन वर्षांपूर्वी बिघडले आणि ते दुरुस्त करण्याची त्यांना निकड वाटली नाही. आता त्या माणसांना मिठी मारतात. ही हकिकत उपचाराच्या प्रचारसाहित्यात क्वचितच आढळते.

आत्मकथनाचे प्रामाण्य

आत्मकथन हे पुरावा म्हणून कितपत धरावे, हा प्रश्न मराठी समीक्षेला दलित आत्मकथनांच्या निमित्ताने चांगलाच परिचित आहे. तेथे एक गोष्ट मान्य होत गेली. आत्मकथन ज्या अनुभवाची साक्ष देते त्या अनुभवापुरते त्याचे प्रामाण्य बाहेरच्या निरीक्षकापेक्षा मोठे असते, परंतु एकाच्या जीवनावरून सर्वांच्या जीवनाचे अनुमान काढणे हे त्या लेखनावरही अन्यायकारक असते. ग्रँडिन यांच्या बाबतीत हे अनुमान स्वतः लेखिकेनेही केले होते. सर्व स्वमग्न माणसे चित्रांतूनच विचार करतात असे 1995 च्या आवृत्तीत त्यांनी गृहीत धरले आणि ते चुकीचे होते असे 2006 च्या विस्तारित आवृत्तीत प्रांजळपणे सांगितले. विचारपद्धतीबाबत जर एक साक्ष सर्वांना लागू होत नसेल, तर स्पर्शाबाबत ती लागू होईल असे मानण्यास आधार कोणता?

शिवाय यंत्रातून जाकीट निर्माण होताना यांत्रिकी बदलली, याकडे दुर्लक्ष झाले आहे. यंत्र दोन्ही बाजूंनी दाबते आणि तो दाब बराचसा समान पसरतो. जाकिटाचे वजन खांद्यांवरून खाली लोंबते आणि ब्लँकेटचे वजन वरून पडते. दाब आणि भार या दोन भिन्न गोष्टी आहेत. 'खोल दाब' या एकाच नावाखाली त्या एकत्र आणल्या गेल्या आणि एकीचा अनुभव दुसरीच्या समर्थनार्थ वापरला गेला. महाराष्ट्रातील वाचकाला येथे जाड गोधडीची आठवण होईल. थरावर थर शिवलेल्या जुन्या लुगड्यांच्या वजनाखाली मूल निवांत झोपते हे खरेच आहे. पण ते ऊब, ओळखीचा वास, शेजारी झोपलेली आजी की वजन यांपैकी कशामुळे, हे गोधडी सांगत नाही. परंपरेत असे होतेच, हा युक्तिवाद कानाला गोड असला तरी पुरावा म्हणून तो कुचकामी आहे.

मोजमाप कशाचे?

मूळ यंत्रावर झालेला एक छोटा प्रयोग 1999 साली प्रसिद्ध झाला. त्यात 12 स्वमग्न मुले होती. काहींना चालू यंत्र मिळाले, काहींना दाब बंद केलेले. चालू यंत्र मिळालेल्या मुलांचा ताण कमी झाल्याचे आढळले, मात्र शरीरक्रियेच्या मोजणीत संपूर्ण गटापुरता ठोस फरक दिसला नाही. ज्यांची उत्तेजना आधीच अधिक होती अशांना उपयोग होत असावा, एवढेच संशोधकांनी सुचवले. हा निष्कर्ष संयत आहे आणि तो यंत्राचा आहे, जाकिटाचा नव्हे.

जाकिटाबाबत 2001 साली दोन उत्साहवर्धक अभ्यास आले. एकात अवधानाच्या अडचणी असलेली 4 मुले होती, दुसऱ्यात 5 बालवाडीच्या वयाची मुले. दोहोंत मुले कामात अधिक वेळ रमली असे नोंदवले गेले. इतक्या लहान अभ्यासांवरून जाकिटाचा प्रसार व्हावा हे आश्चर्यकारक वाटते, परंतु शिक्षणक्षेत्रात असे वारंवार घडते. जाकीट डोळ्यांना दिसते. ते घातलेल्या मुलाकडे पाहणाऱ्याची अपेक्षा बदलते, आणि अपेक्षा बदलली की नोंद बदलते. 2010 साली राइचो आणि सहकाऱ्यांनी या अडचणीवर साधा उपाय योजला. तीन मुलांना आळीपाळीने वजनाचे जाकीट, बिनवजनाचे जाकीट आणि जाकिटाविना अशा तीन अवस्थांत पाहिले. कामातील सहभागात फरक आढळला नाही. त्यापूर्वी 2009 मध्ये स्टीफन्सन व कार्टर यांनी तोवरच्या सात अभ्यासांचा आढावा घेऊन वजनदार जाकीट परिणामकारक नसल्याचे आणि त्याची शिफारस करता येत नसल्याचे म्हटले होते. 2011 मधील एका कॅनेडियन अभ्यासात मुलांच्या पुनरावृत्त हालचाली तर कमी झाल्या नाहीतच, पण हृदयाची गतीही मंदावली नाही. शांततेचा दावा शरीराच्या पातळीवर तपासला आणि तो टिकला नाही, म्हणून हा अभ्यास महत्त्वाचा.

या अभ्यासांत मोजले काय गेले? जागेवर बसणे, कामाकडे पाहणे, हात न हलवणे. हे सर्व वर्तन शिक्षकाच्या सोयीचे आहे. त्याचे मोल कमी नाही, चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात शिकवणाऱ्यास ते सांगावे लागत नाही. परंतु ग्रँडिन यांनी यंत्र बांधले ते बाकावर बसण्यासाठी नव्हे, छातीत दाटणारी भीती ओसरावी म्हणून. जाकिटाने मुलाला काय वाटले हा प्रश्न या प्रयोगांत अभावानेच आला. अर्थात, अनेक मुले बोलत नाहीत आणि त्यांना विचारणे कठीण असते. तरी जाकीट काढून फेकणे किंवा स्वतः जाऊन घेऊन येणे ही भाषाच आहे, आणि ती नोंदवता येते.

ब्लँकेटबाबत सर्वांत भरीव अभ्यास 2014 साली 'पीडिॲट्रिक्स'मध्ये आला. पॉल ग्रिंग्रस आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील तीन केंद्रांत झोपेच्या तीव्र तक्रारी असलेल्या 5 ते 16 वयोगटातील स्वमग्न मुलांवर यादृच्छिक पद्धतीने तो केला. 73 मुलांपासून आरंभ झाला आणि 67 मुलांची माहिती विश्लेषणास मिळाली. प्रत्येक मुलाने दोन आठवडे वजनदार आणि दोन आठवडे तशाच दिसणाऱ्या साध्या ब्लँकेटखाली झोपायचे होते. मनगटावरील यंत्राने मोजलेली एकूण झोप, झोप लागण्यास लागलेला वेळ, रात्री जागे होण्याच्या वेळा, यांपैकी कशातही लक्षणीय फरक पडला नाही. मात्र मुलांनी आणि पालकांनी अधिक पसंती दिली ती वजनदार ब्लँकेटलाच.

या विसंगतीवर समर्थक व विरोधक दोघेही घाईने पुढे जातात. समर्थक पसंतीला परिणाम समजतात, विरोधक तिला भ्रम समजतात. परंतु पसंती हे झोपेच्या प्रश्नाचे उत्तर नाही आणि ते शून्यही नाही. जे मूल दिवसभर इतरांनी ठरवलेल्या गोष्टी अंगावर घेते, त्याला रात्री एखादे पांघरूण आवडते, ही माहिती त्याच्या घरापुरती उपयोगाची आहे. तिच्या आधारे झोपेचा उपचार म्हणून महागडी वस्तू विकणे हे मात्र समर्थनीय नाही. 2017 साली एका ब्लँकेटने लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर 40 लाखांहून अधिक डॉलर जमा केले, त्यावेळी बाजाराला असला भेद करण्याची गरज भासली नाही. 2020 मधील स्वीडिश अभ्यासात निद्रानाश असलेल्या 120 मनोरुग्णांना जड ब्लँकेटचा चांगला उपयोग झाल्याचे दिसले, आणि त्याचा आधार हल्ली मुलांसाठीही दिला जातो. पण ते सर्व प्रौढ होते, आठ किलोचे ब्लँकेट जड वाटल्यास त्यांना सहा किलोचे घेता येत होते आणि नको झाल्यास पांघरूण बाजूला सारण्याची क्षमता त्यांच्यात होती. म्हणजे दांडा त्यांच्या हाती होता.

एअर्स-प्रणीत उपचार आणि अशी साधने यांत भेद करण्याची प्रथा आता रूढ होत आहे. 2015 मधील केस-स्मिथ आणि सहकाऱ्यांच्या आढाव्यात मुलाच्या सक्रिय सहभागाच्या उपचाराला काही प्रमाणात अनुकूल पुरावा आढळला, तर प्रौढाने लादलेल्या जाकिटांसारख्या साधनांना तसा आढळला नाही. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्सने 2012 सालीच संवेदन-प्रक्रियेच्या विकाराला स्वतंत्र निदान मानू नये आणि या उपचारांविषयीचे संशोधन मर्यादित असल्याचे पालकांना सांगावे, असे सुचवले होते.

भार, धोका आणि दहा टक्के

निरुपयोगी पण निरुपद्रवी, असे म्हणून हा विषय सोडता आला असता. 2008 साली कॅनडातील क्वेबेक प्रांतात एका शाळेत नऊ वर्षांच्या स्वमग्न मुलाला शांत करण्यासाठी त्याच्या वजनाच्या मानाने फार जड अशा ब्लँकेटमध्ये गुंडाळण्यात आले. डोके झाकलेले होते, त्याला स्वतः बाहेर पडता येत नव्हते. त्यात त्याचा मृत्यू झाला. मृत्यू-चौकशी अधिकाऱ्याच्या शिफारशींचे सार असे की, डोके कधीही झाकू नये, मूल स्वतःहून बाहेर पडू शकले पाहिजे, त्याच्यावर सतत लक्ष असावे आणि वापर तज्ज्ञाच्या सल्ल्यानेच व्हावा. अमेरिकेत 2022 साली चार व सहा वर्षांच्या दोन मुली वजनदार ब्लँकेटच्या अभ्र्याची चेन उघडून आत शिरल्या आणि गुदमरून मरण पावल्या. त्यानंतर सुमारे 2,04,000 ब्लँकेटे परत मागवण्यात आली. तान्ह्या मुलांच्या अंगावर अथवा जवळ वजनदार पांघरूण वा झबले असू नये, असे अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2022 मध्येच स्पष्ट केले.

या दुर्घटनांत आणि वर्गातील निरुपद्रवी वाटणाऱ्या जाकिटात अंतर मोठे आहे, पण रेषा एकच आहे. भार ठेवणारा एक आणि सोसणारा दुसरा, अशी विभागणी झाली की भार किती आणि किती वेळ हे ठरवण्याची एकमेव खात्रीची खूण, म्हणजे सोसणाऱ्याचा नकार, ऐकू येईनासा होतो. स्नायू शिथिल असलेले मूल, फिट्स येणारे मूल किंवा सेरेब्रल पाल्सी असलेले मूल यांच्या बाबतीत तर नकार देण्याची शारीरिक शक्तीच अपुरी असते.

ब्लँकेटचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्के असावे, हा संकेत सर्वत्र सांगितला जातो. वीस किलोच्या मुलाला दोन किलो. हा आकडा प्रयोगांतून सिद्ध झालेला नाही, तो रूढ झालेला आहे. गंमत अशी की केंद्र सरकारच्या 2020 च्या दप्तर धोरणात शाळेच्या दप्तराचे वजनही मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक नसावे असे म्हटले आहे. एकाच आकड्याला एका ठिकाणी हानीची मर्यादा म्हणावे आणि दुसऱ्या ठिकाणी उपचाराची मात्रा, यातच तो आकडा किती सैल आहे हे दिसते.

महाराष्ट्रातील संदर्भ

आशियातील पहिली व्यवसायोपचार-शिक्षण संस्था 1950 साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात सुरू झाली. तिच्यामागे जन्माने अमेरिकी असलेल्या कमलाबाई निंबकर यांचे कर्तृत्व होते. म्हणजे या विद्याशाखेचा महाराष्ट्राशी संबंध जुना आहे. तथापि दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार 21 केले, त्यांत स्वमग्नतेचा समावेश झाला आणि सर्वसामान्य शाळांत अशी मुले येऊ लागली, तेव्हा व्यवसायोपचारतज्ज्ञ मात्र बहुतांशी शहरांतच राहिले. जाकीट आणि ब्लँकेट ऑनलाइन मागवता येते, तज्ज्ञ मागवता येत नाही. परिणामी साधन सल्ल्याच्या आधी पोहोचते. हे पालकांच्या भोळेपणाचे फलित समजणे अन्यायाचे होईल. रात्र-रात्र जागणाऱ्या आईला कोणी दुसरे काही देऊ केलेले नसते.

हवामानाचा मुद्दाही क्षुल्लक नाही. उपरोक्त अभ्यास थंड देशांतील आहेत. विदर्भातील एप्रिल-मे महिन्यांत अथवा कोकणातील दमट रात्री कृत्रिम धाग्याच्या जड ब्लँकेटखाली मुलाला घाम येणारच, आणि ज्याला स्पर्शाचाच त्रास होतो त्याला घामाने चिकटलेल्या कापडाचाही होईल. दुपारी पत्र्याच्या वर्गखोलीत जाकीट घालणे तर अनाठायीच.

अध्यापक महाविद्यालयांतील समावेशक शिक्षणाच्या पाठात या साधनांचा उल्लेख येणार असेल, तर तो यादीतील एक वस्तू म्हणून येऊ नये. छात्राध्यापकाला प्रात्यक्षिकात एक तक्ता भरण्यास सांगता येईल : साधन कोणी मागितले, मुलाने की शिक्षकाने, मुलाने ते किती मिनिटांनी स्वतः काढले, काढू दिले गेले का, ते साधन नसताना त्याच तासाला काय घडले, त्या आधी वर्गातील आवाज, प्रकाश वा कामाचा काठिण्यस्तर बदलून पाहिला होता का. शेवटच्या रकान्याला खर्च काहीच नाही, आणि तोच बहुतेक वेळा कोरा राहतो.